डॅकवरचा ४८ हलेना: हाय-रेझ संगीतासाठी घरचा कॉम्प्युटर लावण्याचं एक प्रकरण

तक्रार फोनवर दोन मिनिटांत सांगून झाली. परदेशातून आलेल्या मुलाने चांगला डॅक (फाइलीतल्या आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारी पेटी) आणून दिला, २४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या फाइली रीतसर पैसे भरून उतरवल्या, आणि तरी "सीडीपेक्षा तसूभर फरक नाही. उलट विलंबित संपून द्रुत सुरू होताना तानपुराच तुटतो, आणि गाणं थांबलं की स्पीकर घूं करत बसतात." तक्रारदार आमच्या ओळखीतले एक काका. बँकेतून निवृत्त, मुक्काम कोथरूडच्या जुन्या सोसायटीत, कान ख्यालावर पोसलेले. एका दुकानदाराने त्यांना चांदीचा मुलामा दिलेली यूएसबी केबल आणि 'खास ऑडिओसाठी' म्हणून पॉवर कंडिशनर सुचवला होता. दोन्हींच्या किमतीत बरे स्पीकर आले असते. पैसे भरण्याआधी एकदा बघून जा, एवढंच काकांचं म्हणणं.

मांडणी साधी होती. विंडोज ११ चा डेस्कटॉप, त्याच्या पुढच्या यूएसबी पोर्टला डॅक, डॅकमधून लाल-पांढऱ्या आरसीए केबलने जुन्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरला, तिथून दोन छोटे स्पीकर. खोली बारा बाय दहा, एका भिंतीला लोखंडी कपाट, डोक्यावर पंखा. गाणी एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तीही पुढच्याच दुसऱ्या पोर्टला.

अशा वेळी मी आवाज ऐकण्याआधी आकडे बघतो. या डॅकला पुढे छोटा डिस्प्ले आहे आणि आत येणारा सॅम्पलिंग रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने येतात तो आकडा, त्यावर दिसतो. सीडीवरून काढलेली फाइल लावली, डिस्प्लेवर ४८. ९६ ची लावली, ४८. १९२ ची लावली, तरी ४८. प्लेअरच्या खिडकीत मात्र '१९२०००' तोऱ्यात झळकत होतं. प्लेअर सांगतो ते फाइलीत काय आहे ते. डॅकपर्यंत काय पोहोचलं, हे डॅकच सांगू शकतो.

मधला गडी म्हणजे विंडोजचा मिक्सर. गाणं, ब्राउझरमधला व्हिडिओ, मेल आल्याची टिंग हे सगळं एकाच वेळी एकाच स्पीकरमधून वाजवायचं तर सगळ्यांचा सॅम्पलिंग रेट एक हवा. म्हणून विंडोज एक रेट पक्का करतं आणि येईल ते त्यात बदलून घेतं. साउंडच्या जुन्या खिडकीत, डॅकच्या प्रॉपर्टीजमध्ये, 'ॲडव्हान्स्ड' टॅबवर तो 'डिफॉल्ट फॉरमॅट' सापडतो. काकांच्या मशीनवर तो होता २४ बिट, ४८००० हर्ट्झ. म्हणजे पैसे मोजून घेतलेल्या फाइलीतले चारपैकी तीन सॅम्पल डॅकच्या दारात पोहोचण्याआधीच गळत होते.

"मग तिथे १९२ कर की," असं मुलाने फोनवरून सांगितलं होतं. बरेच जण हेच करतात. डिस्प्लेवर १९२ दिसतो, जीव भांड्यात पडतो, पण आता सीडीची प्रत्येक फाइल १९२ मध्ये बदलून वाजते. आणि सीडीचा ४४.१ हा १९२ च्या घराण्यातला नाही. ४४.१, ८८.२, १७६.४ हे एक घराणं, प्रत्येक आकडा आधीच्याच्या दुप्पट. ४८, ९६, १९२ हे दुसरं. एकातून दुसऱ्यात जायचं तर सॅम्पल नव्याने मोजून काढावे लागतात. पहिला आकडा आला व्हिडिओ टेपवरून. सुरुवातीच्या काळात डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ रेकॉर्डर वापरत. अमेरिकी-जपानी पद्धतीत एका फील्डमधल्या (अर्ध्या चित्रातल्या) वापरता येणाऱ्या २४५ ओळी, दर ओळीत ३ सॅम्पल, सेकंदाला ६० फील्ड: गुणाकार ४४,१००. आपल्याकडच्या पाल पद्धतीत २९४ ओळी, ३ सॅम्पल, ५० फील्ड: तेही ४४,१००. तो आकडा सीडीत उतरला आणि अजून आपल्याबरोबर आहे.

खरा उपाय मिक्सरला बाजूला सारण्याचा. व्हिस्टापासून विंडोजमध्ये 'वासापी' नावाची वाट आहे, आणि तिच्यात 'एक्स्क्लुझिव्ह' असा प्रकार आहे. प्लेअर डॅकचा ताबा एकट्याकडे घेतो आणि फाइलीतला रेट आहे तसा पुढे देतो. काकांकडे फूबार२००० हा प्लेअर आधीपासून होता. प्रेफरन्सेस, प्लेबॅक, आउटपुट. तिथल्या यादीत डॅकचं नाव दोनदा दिसतं, एकदा साधं आणि एकदा पुढे 'एक्स्क्लुझिव्ह' लिहिलेलं. दुसरं निवडलं. सीडीची फाइल: ४४.१. पुढची: ९६. त्यापुढची: डॅकमधला रिले (आतला स्विच) टिक करून वाजला आणि १९२. खर्च शून्य. डॅकसाठी वेगळा ड्रायव्हर टाकावा लागला नाही. यूएसबी ऑडिओच्या दुसऱ्या आवृत्तीचा ड्रायव्हर विंडोज १० मध्ये २०१७ सालीच आला.

दोन गोष्टी लगेच सांगाव्या लागल्या. पहिली म्हणजे, आवाज. या वाटेने गेल्यावर टास्कबारवरचा व्हॉल्यूम पुष्कळदा चालत नाही, आणि गाणं पूर्ण ताकदीनिशी ॲम्प्लिफायरवर येऊन आदळतं. आधी ॲम्प्लिफायरची कळ खाली, मग प्ले. दुसरी काकूंची: गाणं चालू असताना त्यांनी ब्राउझरमध्ये रेसिपीचा व्हिडिओ लावला आणि तो मुका. डॅक ताब्यात घेतल्यावर दुसऱ्या कुणाला आवाज मिळत नाही, हे अपेक्षितच आहे. विंडोजचा डिफॉल्ट आवाज मॉनिटरच्या स्पीकरवर ठेवला आणि डॅक फक्त फूबारच्या हवाली केला. काकूंचा व्हिडिओ मॉनिटरवरून, काकांचा मारवा डॅकवरून. टिंग-टुंग आता गाण्यात शिरत नाही, हा वरचा फायदा.

आता ऐकून फरक पडला का? काका म्हणाले, "थोडा मोकळा वाटतोय." मला तसं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. आजच्या विंडोजचं रेट बदलण्याचं काम इतकंही वाईट नाही की कुणाच्याही कानाला टोचावं. फुकटात होतंय आणि मधली एक शंका मिटते, म्हणून करायचं. काकांच्या खऱ्या दोन तक्रारी, घूं आणि तुटणारा तानपुरा, अजून जागच्या जागी होत्या.

घूं आवाजाचा तपास उलट्या दिशेने, स्पीकरकडून सुरू केला. डॅकच्या आरसीए केबल ॲम्प्लिफायरमधून काढल्या: शांत. परत लावून डॅकची यूएसबी केबल उपसली: शांत. म्हणजे ॲम्प्लिफायर निर्दोष, डॅकही निर्दोष. कॉम्प्युटर जोडला की त्रास. यूएसबी परत लावून माउस हलवला, तर घूंच्या अंगावर बारीक किर्रर्र ऐकू आली. तेवढ्यात काका सहज बोलून गेले, "या डब्याला हात लावला की कधी कधी झिणझिण्या येतात, अनवाणी असलो तर."

इथे प्रकरण संगीताचं राहिलं नाही, सुरक्षिततेचं झालं. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये तोंडाशीच गोंगाट गाळायचा फिल्टर असतो. त्यातले दोन कपॅसिटर, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून, धातूच्या डब्याला जोडलेले असतात. तिसऱ्या पिनेला अर्थिंग असेल तर तिथून येणारा किंचितसा प्रवाह निमूट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर डबा दोघांच्या मध्ये लोंबकळतो, २३० च्या निम्म्यावर, साधारण ११५ व्होल्टवर. प्रवाह फारच थोडा असल्यामुळे धक्का बसत नाही, झिणझिण्या येतात. सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनने टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थच्या भोकात लावला: कॉम्प्युटरच्या बोर्डावर दिवा पेटलाच नाही. तिन्ही भोकं होती, तिसऱ्याला मागे वायरच नव्हती. ॲम्प्लिफायर समोरच्या भिंतीवर, एसीसाठी नंतर काढलेल्या पॉइंटवर होता. तिथे दिवा लख्ख.

मग घूंचा रस्ता आपोआप दिसतो. डब्यावर अडकलेल्या प्रवाहाला जमीन हवी. ती त्याला सापडते यूएसबी केबलच्या जाळीतून, डॅकमधून, आरसीए केबलच्या जाळीतून, ॲम्प्लिफायरच्या अर्थ पिनेत. आरसीए केबलची तीच जाळी संगीताच्या सिग्नलचा परतीचा मार्ग आहे. तिच्यावर पडलेला ५० हर्ट्झचा आणि त्याच्या पटींचा कचरा ॲम्प्लिफायर गाणं समजून मोठा करतो. पॉवर कंडिशनर लावला असता तरी, तिसऱ्या भोकात वायर नाही तोवर काही साधलं नसतं.

उपाय: कॉम्प्युटर, डॅक आणि ॲम्प्लिफायर एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डावर, आणि तो बोर्ड अर्थिंग असलेल्या पॉइंटवर. जुन्या बोर्डाला अर्थिंगची वायर ओढून घेण्याचं काम इलेक्ट्रिशियनकडे दिलं, आणि ते फक्त संगीतासाठी नव्हे. घूं गेली. ज्या ज्या 'जाणकारांनी' आवाज घालवायला ॲम्प्लिफायरची अर्थ पिन कापायला सांगितलं असेल, त्यांचा सल्ला कानाआड करावा. घूं जाते आणि घरात एक सापळा तयार होतो.

माउसची किर्रर्र उरली होती. डॅक पुढच्या पोर्टवरून काढून मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावला आणि हार्ड डिस्क त्याच्यापासून लांबच्या पोर्टला. किर्रर्र जवळजवळ गेली, आणि १९२ च्या फाइलीत मधूनच येणारे कट्-कट् आवाजही थांबले. ते राहिले असते तर पुढची पायरी ऑप्टिकल केबलची होती: काचेतून किंवा प्लास्टिकमधून उजेड जातो, वीज जात नाही, म्हणजे घूंचा रस्ताच बंद. तिथे बऱ्याच यंत्रांत ९६ च्या पुढे खात्री देता येत नाही, एवढाच तोटा, आणि माझ्या लेखी तो तोटा नव्हे. राहता राहिली चांदीची केबल. १९२ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन चॅनेल म्हणजे सेकंदाला ९.२ मेगाबिट, साध्या यूएसबी २ ची क्षमता ४८०. काकांनी ती केबल घेतली नाही.

तुटणारा तानपुरा हा मला या सगळ्यातला सर्वांत गंभीर दोष वाटला. सीडी बाजारात आणणाऱ्यांनी एकाच मैफिलीचे बडा ख्याल आणि छोटा ख्याल असे दोन ट्रॅक केलेले असतात. तानपुरे अर्थातच न थांबता चालू असतात. सीडी प्लेअरवर जोड कळत नाही. काकांच्या कॉम्प्युटरवर मात्र द्रुताची पहिली आवर्तनं सुरू होण्याआधी पाव सेकंद भोक पडायचं. त्या पाव सेकंदात बैठक मोडते. २४ बिट की १६, या वादापेक्षा हे भोक शंभर पटींनी ऐकू येतं, आणि त्याबद्दल जाहिरातीत कुणी बोलत नाही.

कारण फाइलीत होतं. काकांनी बऱ्याच वर्षांपूर्वी सगळ्या सीडींचे एमपी३ करून ठेवले होते. एमपी३ ठरावीक लांबीच्या तुकड्यांत बांधला जातो, त्यामुळे बांधताना गाण्याच्या आधी आणि नंतर थोडी शांतता चिकटते. किती चिकटली याची नोंद फाइलीत असेल तर चांगला प्लेअर ती कापून टाकतो. काकांच्या जुन्या सॉफ्टवेअरने नोंद ठेवलीच नव्हती. सीडी कपाटात होत्या, म्हणून दुरुस्ती करत बसण्यापेक्षा पुन्हा काढायचं ठरलं, या वेळी फ्लॅकमध्ये. फ्लॅक २००१ पासून आहे, खुला आहे, एकही बिट न गमावता जागा साधारण निम्मी करतो, आणि मूळ आवाजाचा ठसा फाइलीतच जपतो, त्यामुळे दहा वर्षांनी डिस्क कुरकुरली तर फाइल शाबूत आहे का ते तपासता येतं. जोडावर भोक पडत नाही.

सीडीवरून फाइली काढायला एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सॉफ्टवेअर वापरलं. ते आपली प्रत ॲक्युरेटरिपच्या साठ्यातल्या, इतरांनी काढलेल्या प्रतींशी ताडून बघतं. पाश्चात्त्य संगीताच्या सीडीला लगेच हिरवा कंदील मिळतो. नाट्यसंगीताच्या जुन्या सीडी तिथे बहुतेक वेळा कुणी नोंदवलेल्याच नसतात. मग 'टेस्ट अँड कॉपी' करायचं: एकच ट्रॅक दोनदा वाचायचा आणि दोन्ही वाचनांच्या पडताळणीच्या बेरजा जुळतात का बघायचं. वेळ दुप्पट लागतो. काका निवृत्त आहेत. टॅगसाठी राग, ताल आणि साथीदार असे रकाने वेगळे केले आणि सगळं देवनागरीत. फ्लॅकचे टॅग युनिकोड असतात, अक्षरं फुटत नाहीत. आता 'मारवा' शोधला की घराण्यांच्या भिंती ओलांडून सगळे मारवे एका यादीत येतात. काका सर्वांत खूश याच गोष्टीवर आहेत.

विकत घेतलेल्या फाइलींकडे यायला हवं. स्पेक नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर फाइलीचं चित्र काढून देतं: आडवा काळ, उभी वारंवारता, आवाज जितका जोरात तितका रंग उजळ. चित्राची उंची सॅम्पलिंग रेटच्या निम्मी: १९२ च्या फाइलीचं चित्र ९६ किलोहर्ट्झपर्यंत, सीडीचं साधारण २२ पर्यंत. एका ताज्या रेकॉर्डिंगमध्ये तबल्याच्या किनारीचे फटके २२ च्या बरेच वर पुसटसे चढताना दिसले. ही फाइल अस्सल. एका जुन्या मैफिलीची '२४/१९२' फाइल उघडली तर २२ किलोहर्ट्झवर पट्टीने आखल्यासारखी रेघ आणि वर अमावास्या. सीडीचीच प्रत फुगवून विकलेली. तिसरी फाइल त्याहून मजेची: १५.६ किलोहर्ट्झवर एक बारीक सरळ रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत. ती जुन्या टीव्ही मॉनिटरची शिट्टी. पाल पद्धतीचा पडदा सेकंदाला १५,६२५ ओळी काढतो. रेकॉर्डिंग बहुधा टीव्ही स्टुडिओतलं असावं. काकांना ती शिट्टी ऐकू येत नाही, चित्रात बघून मात्र त्यांना फार आनंद झाला.

मग अस्सल फाइलीवर आंधळी चाचणी घेतली. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटची एक फाइल, आणि तिचीच नीट डिदर करून (बिट कमी करताना किंचित खरखर मिसळून) काढलेली ४४.१, १६ बिटची प्रत. दोन्हींची पातळी सारखी. फूबारचा एबीएक्स जोड (आता वाजतंय ते पहिलं की दुसरं, हे ओळखायला लावणारा) क्रम स्वतःच गुपचूप बदलतो. निकाल नाणेफेकीपेक्षा बरा लागला नाही, काकांचाही आणि माझाही. यात काही नामुष्की नाही. २००७ साली मेयर आणि मोरान यांनी अमेरिकेत अशाच चाचण्या घेतल्या, तेव्हाही ऐकणाऱ्यांना फरक सांगता आला नव्हता. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी आधीच्या अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र तपासले, तर बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं. प्रशिक्षित कानांचं त्याहून काहीसं जास्त. म्हणजे काहीच नाही असंही नाही, पण साठी उलटलेल्या, दहा-बारा किलोहर्ट्झच्या वर फारसं न ऐकणाऱ्या माणसाने त्यापायी तिप्पट पैसे भरावेत इतकंही नाही.

बिटांचं गणित त्याहून सरळ आहे. १६ बिट म्हणजे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजात साधारण ९६ डेसिबलचं अंतर. रस्त्याकडेच्या फ्लॅटमध्ये खिडकी लावूनही ४० च्या आसपास गोंगाट असतो, आणि घरात सहसा कुणी ९५ च्या वर गाणं लावत नाही. हाती उरतं ५५. वर पंखा. काकांच्या खोलीत पंखा बंद केल्यावर षड्जामागचा तानपुरा जितका पुढे आला, तितका कुठल्याही सेटिंगने आला नव्हता. पुण्याच्या एप्रिलमध्ये हा उपाय कितपत टिकेल, ते सोडा.

स्पीकर शोकेसच्या वर, कोपऱ्यांत अडकवलेले होते. कोपऱ्यात खर्ज फुगतो. दोन स्टँड करून घेतले, स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे आणि बसल्या जागी कानाच्या उंचीवर आले. डग्ग्याची मींड आता घसरत जाताना सूर म्हणून ऐकू येते. आधी नुसती घुमत होती. एका ठरावीक सुराला लोखंडी कपाटाचं दार थरथरायचं. दाराच्या फटीत जाड नमद्याच्या पट्ट्या घातल्या. स्टँड, अर्थिंगची वायर, एक्स्टेंशन बोर्ड आणि नमदा मिळून झालेला खर्च दुकानदाराच्या केबलहून कमी आहे.

उरलं आहे ते कॅसेटींचं काम. काकांकडे घरगुती बैठकींच्या खोकंभर कॅसेटी आहेत, बाजारात कुठेही न मिळणाऱ्या. तिथे मी स्वतःहून २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ सुचवलं आहे, कारण रेकॉर्ड करताना गणित वेगळं असतं. तार षड्ज कधी येईल आणि पातळी कुठे जाईल, हे आधी माहीत नसतं. २४ बिट असले की शिखरं शून्याच्या (डिजिटलमधल्या कमाल पातळीच्या) १२ डेसिबल खाली ठेवून निर्धास्त बसता येतं, दोन बिट गेले तरी कॅसेटच्या खरखरीपेक्षा खूप खाली जागा उरते, आणि पुढे खरखर काढणं, पातळी उचलणं हे सगळं त्या जागेत होतं. आधी डेकचं हेड स्पिरिटने पुसायचं आणि प्रत्येक कॅसेटसाठी हेडचा कोन कानाने जुळवायचा: स्क्रू हळूहळू फिरवत, तानपुऱ्याची जवारी सर्वांत स्वच्छ ऐकू येईल तिथे थांबायचं. डेकचा रबरी पट्टा सैल झाला आहे. तो मिळाला की सुरू करू.